भिंतीवरची फार्मासिस्ट

६ जानेवारी

डायरी लिहायची मला सवय नाही. शाळेत एकदा सुरू केली होती, तिसऱ्या दिवशी भावाने ती अंगणात उभं राहून मोठ्याने वाचली. ही डायरी आज नवनीतभाईंनी हातात ठेवली. कुठल्यातरी औषध कंपनीची आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात. म्हणाले, "रिकाम्या बसशात मॅडम, त्यापेक्षा काही लिखा." रिकामं बसायचा प्रश्नच आला नाही, कारण सकाळी साडेनऊला मला कळलं की मी मेलेली आहे.

नीट सांगते. मी हेमांगी योगेंद्र पाटील, वय बत्तीस, डी.फार्म., राहणार प्रकाशा. डी.फार्म. झालं, लगेच लग्न झालं, आणि म्हसावदच्या पूर्णिमा मेडिकलमध्ये माझं सर्टिफिकेट नोकरीला लागलं. मी नाही, सर्टिफिकेट. मेडिकलला कायद्याने फार्मासिस्ट लागतो. नवनीतभाईंकडे दुकान होतं, पण कागद नव्हता. माझ्याकडे कागद होता, पण घराबाहेर पडायची सोय नव्हती. सासऱ्यांच्या ओळखीने जमून गेलं. अकरा वर्षं सर्टिफिकेट तिकडे भिंतीवर आणि मी इकडे केळी काढणाऱ्या मजुरांच्या भाकरी थापतेय. दर दिवाळीला नवनीतभाईंकडून साडी यायची. हे चूक आहे हे मला पहिल्या साडीपासून माहीत होतं. मी ती साडी नेसले, हेही खरं.

आता तपासणी कडक झाली आहे. औषध खात्याचे साहेब कधीही येतील, फार्मासिस्ट खुर्चीत दिसला पाहिजे. म्हणून नवनीतभाई घरी आले आणि सासूबाईंना म्हणाले, "जवलगून साहेब येत नही तवलगून, काकू. मंग मॅडम घर." साहेब येईपर्यंतच, म्हणून सासूबाई हो म्हणाल्या. मला विचारायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मी तोवर आतल्या खोलीत कपाटाच्या तळाशी पांढरा अॅप्रन शोधत होते.

तर आज स्कूटीवरून शहाद्यामार्गे म्हसावद गाठलं, अॅप्रन चढवला, दुकानाची पायरी चढले. काउंटरशी पार्वतीबाई नावाची म्हातारी खोकल्याचं औषध घेत उभी होती. तिने वळून बघितलं आणि बाटली खाली.

"ओ माय वं! मरेल बाई उनी!"

मी मागे पाहिलं, कोण आलंय म्हणून. मागे कुणीच नव्हतं. समोर भिंतीवर मात्र चार चौकटी होत्या. गणपती, लक्ष्मी, नवनीतभाईंचे वडील आणि मी. सर्टिफिकेटच्या कोपऱ्यात माझा एकविसाव्या वर्षीचा फोटो, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि वरून हा एवढा चंदनाचा हार.

"सर्टिफिकेट म्हनजे दुकाननी लक्ष्मी शे मॅडम," नवनीतभाई गडबडून म्हणाले. "लक्ष्मी म्हनीसन हार टाका. लोकेसनी काय समजी लिधं, ते माले काय माहीत?"

काउंटर सांभाळणारे धुडकूभाऊ वीस वर्षं इथे आहेत. रोज सकाळी चारही चौकटींना उदबत्ती ओवाळतात. आज चौथ्या चौकटीपाशी थबकले. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कुणाचाच अपमान नको म्हणून दोघींना ओवाळलं. हसू की रडू कळेना. घरी येईपर्यंत हसत होते.

७ जानेवारी

नवऱ्याला सांगून चूक केली. सकाळपासून, "कैलासवासी, चहा टाकतेस का?"

९ जानेवारी

गर्दी! औषधाला नव्हे, मला बघायला. बाजाराचा दिवस होता, सातपुड्याच्या पाड्यांवरून माणसं उतरलेली. कळलं ते असं की मी नुसती मेलेली नाही, मेल्यावर माझं बरं चाललं होतं. बायका औषध घेतलं की आधी माझ्या चौकटीला हात लावतात, मग पुडी पदरात बांधतात. फोटोवालीने गुण लवकर येतो म्हणे. आयुष्यात एक गोळी कुणाला दिली नाही आणि हातगुण असा! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

रूपलीबाई म्हणून एक आहे, डोंगरातल्या पाड्यावरची, दर बाजाराला येते. तिने मला खालून वर निरखलं, मग फोटोला निरखलं आणि ठाम मान हलवली.

"ती बाई जवान व्हती. तुम्ही तिनी मोठी बहीण शेत का?"

धुडकूभाऊ तोंडाला रुमाल लावून आत पळाले.

११ जानेवारी

आजपासून पूर्णिमा मेडिकलमध्ये शिस्त!

दुकानाची मांडणी म्हणजे लग्नातला आहेर. हिरवा डबा लालशेजारी, त्याशेजारी पिवळा, कशाचा कशाला मेळ नाही. मी धुडकूभाऊंना विचारलं, "हे कुठल्या क्रमाने लावलंय?" ते म्हणाले, "जसं हाथले गावस तसं." हाताला सापडतं तसं! मी दोन दिवस खपून सगळं रॅक ए टू झेड लावलं. वरच्या डाव्या कप्प्यात ए, खालच्या उजव्यात झेड. इतकं देखणं दिसतंय की कुणाला औषध द्यायलाच नको वाटतं.

दुसरं, पुड्या. धुडकूभाऊ कागदाच्या पुडीत गोळ्या घालतात आणि पुडीचे कोपरे फाडून देतात. एक कोपरा फाडला की सकाळी, दोन फाडले की सकाळ-संध्याकाळ. असला गबाळेपणा मी बंद केला. शहाद्याहून छापील चिकटपट्ट्या आणल्या. 'सकाळी उपाशीपोटी एक गोळी', 'रात्री जेवणानंतर एक गोळी'. टपोरं मराठी अक्षर, बघत राहावं असं.

तिसरं, चूक-नोंदवही. चांगल्या दुकानात ती असते, आम्हाला शिकवलं होतं. कोणाकडून काय चूक झाली, कशामुळे, पुढे काय काळजी घेणार, असे रकाने आखले. साहेब आले की कोरी वही दाखवायची!

नवनीतभाई म्हणाले, "मॅडम, चुकी व्हई नही तर वही कसाले?" मी त्यांच्याकडे दयेने पाहिलं.

धुडकूभाऊ मात्र दोन दिवस गप्प गप्प आहेत. पित्त झालं असावं.

१३ जानेवारी

धुडकूभाऊंच्या डोळ्यांचं काहीतरी करायला हवं. डबा हातात घेतात, फिरवतात, नाकाजवळ नेतात. आज एक डबा उलटा धरून बराच वेळ बघत उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, तुम्हीच काढी द्या. मन्हा डोया आते पहिलेसारखा नही ऱ्हायना."

मी म्हटलं, शिबिरात नेते तुम्हाला, नंबर काढून घेऊ. त्यांनी मान हलवली आणि फडकं घेऊन आधीच लखलखीत असलेली काच पुसायला लागले. गरीब माणूस. चष्मा मिळाला की खूश होतील.

१४ जानेवारी

संक्रांत. नवनीतभाईंना, धुडकूभाऊंना तिळगूळ दिला. घरी आले तर ओट्यावर सासूबाई आणि शेजारच्या चार बायका बसलेल्या. हल्ली रोज संध्याकाळी सहाला बसतात. मी स्कूटी लावली की सासूबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला.

"उना का साहेब?"

"नही उना."

मग बाकीच्या विचारतात, आज काय झालं, ती म्हातारी आली का, फोटोला कुणी हात लावला. मी उभ्या उभ्या सगळं सांगते. सासूबाई मेथी निवडत ऐकतात. कधी एकदा साहेब येतो आणि ही घरी बसते असं झालंय त्यांना, दुसरं काय. त्यांचंही बरोबर आहे. पण खरं सांगायचं तर मी रोज स्कूटीवर जाताना देवाला म्हणते, साहेबांची गाडी पंक्चर कर.

१७ जानेवारी

आज एकाला परत पाठवलं. त्याला ताकदीची लाल गोळी हवी होती. कुठली? लाल. कशासाठी? ताकदीसाठी. मी म्हटलं डॉक्टरांची चिठ्ठी आणा. तो म्हणाला, मेलेली व्हती तव्हय बरी व्हती.

पण दुपारी एक बाई आली, मागच्या आठवड्यात तिच्या लेकराला तापावरचं अँटिबायोटिक दिलं होतं. ताप उतरला तरी पाचही दिवस द्यायचं, मध्येच बंद करायचं नाही, असं मी तिला चार वेळा बजावलं होतं. ती मुद्दाम सांगायला आली की पाची दिवस दिलं, पोरगं खडखडीत बरं. ती गेल्यावर मी मागच्या खोलीत गेले आणि खोक्यांच्या मध्ये एक उडी मारली. मग अजून एक. बत्तीस वर्षांची बाई. धुडकूभाऊ खोकं घ्यायला आत आले आणि तसेच मागे फिरले.

हे मला हवंय. साहेब आल्यावर भिंतीवर परत जायचं नाही मला. कुणाला सांगू?

२३ जानेवारी

अक्षराकडे बघू नये, घाईत लिहितेय.

बाजाराचा दिवस. दुपारपासून काउंटरवर माणसावर माणूस. मला तेवढ्यात सुचलं की 'येथे फार्मासिस्ट उपस्थित आहे' ही पाटी नुसत्या कागदाची आहे, साहेबांना बरी दिसणार नाही. म्हणून समोरच्या गल्लीत झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेट करायला गेले. पंधरा मिनिटं लागली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी गोळ्या मोजायला घेतल्या. पित्ताच्या गोळ्यांची एक स्ट्रिप गेल्याची नोंद होती, पण डब्यात सगळ्या जागच्या जागी. साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या गोळ्यांची मात्र एक स्ट्रिप कमी.

"धुडकूभाऊ, पित्ताची गोळी कुणाला दिली?"

"रूपलीले. तिना पोटमां आग पडस. नवनीतभाईनी चिठ्ठी वाची, मी डबा काढा."

"कुठला डबा?"

त्यांनी बोट दाखवलं. तिसरा कप्पा, डावीकडून दुसरा, हिरवा डबा. माझ्या ए टू झेडमध्ये तिथे साखरेची गोळी आली होती. तिचाही डबा हिरवाच.

ज्याला साखर नाही त्याने उपाशीपोटी ती गोळी घेतली तर घेरी येऊन पडेल. पाड्यावर, सकाळी, एकटी. दवाखाना खाली इतक्या लांब. मी अॅप्रनही काढला नाही. "कुठे असेल ती?" "राणीपूरकडली जीपमां बठनी, आते निंघनी." मी स्कूटीला चावी लावली, धुडकूभाऊ धावत येऊन मागे बसले.

दिवस मावळत आला होता. गावाबाहेर पडलो तशी पुढे जीप दिसली, माणसांनी गच्च भरलेली, मागच्या फळीवर चार बायका आमच्याकडे तोंड करून बसलेल्या. मी हॉर्न वाजवला, हात हलवला, ओरडले. त्यांनी पाहिलं. संधिप्रकाशात पांढरा झगा, सुटलेले केस, तोच चेहरा.

"फोटोवाली!" एकीने किंकाळी फोडली. "फोटोवाली उनी वं माय!"

आणि जीपवाल्याने गाडी हाणली.

"थांब रे!" धुडकूभाऊ माझ्या खांद्यावरून ओरडत होते. "गोयी बदलेल शे! थांब!"

"धुडकूले भी लई गयी!" जीपमधून बोंब आली. "धुडकूले भी लई गयी!"

मी स्कूटी जितकी पळवली तितकी जीप पळाली. मला रडूही येत होतं आणि संतापही. मी मान न वळवता ओरडले, "अहो, डब्यावरचं नाव तरी वाचायचं होतं!"

 मग माझ्या कानाशी, अगदी हळू, "ताई, माले इंग्रजी वाचता येत नही. मी चौथी शिकेल शे. मी रंग दखस, जागा दखस. वीस वरीसमां एक बी गोयी चुकनी नही."

स्कूटी माझ्या हातून डगमगली. उलटा धरलेला डबा. नाकाजवळ नेलेला डबा. डोया पहिलेसारखा नही. मी त्या माणसाला चष्मा लावायला निघाले होते! त्यांची सगळी अक्षरं मीच दोन दिवस खपून पुसून टाकली होती, वर पित्त झालंय म्हणत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

पुढे वळणावर उसाची ट्रॉली आडवी लागली, म्हणून जीप थांबली. नाहीतर मी आज तोरणमाळलाच मुक्कामाला असते. मी पोचले तेव्हा जीपमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. ड्रायव्हर दोन्ही हात जोडून बसला होता.

"रूपलीबाई! गोळी खाल्ली का?"

रूपलीबाईने पदराची गाठ सोडली. पुडी जशीच्या तशी, वर माझी टपोरी चिकटपट्टी.

"याले कोपरा फाडेल नही," ती म्हणाली. "सकायनी का रातनी, कसं समजी? पुढला बाजारले धुडकूले इचारसू, मंग खासू, म्हनं."

मी रस्त्यातच बसले. पुडी धुडकूभाऊंनी घेतली, खिशातून पित्ताची स्ट्रिप काढली, येताना त्यांनी ती उचलली होती, मी मात्र नुसती ओरडत सुटले होते. स्ट्रिप त्यांनी आधी माझ्यापुढे धरली. मी नाव वाचलं, तारीख वाचली, हो म्हटलं. मग त्यांनी पुडी बांधली आणि टर्रकन एक कोपरा फाडला.

रूपलीबाई जीपमधून उतरली, माझ्याजवळ आली आणि दंडाला जोरात चिमटा काढला. मी कळवळले.

"गरम शे," तिने जीपकडे वळून जाहीर केलं. "जिती शे!"

मग एकेक करून सगळ्या बायका उतरल्या आणि हात लावून गेल्या. ड्रायव्हरनेसुद्धा एक बोट लावलं. ट्रॉलीवाल्याने ऊस दिला. परत येताना धुडकूभाऊ मागे ऊस धरून हसत होते आणि मी पुढे हुंदके देत होते.

२४ जानेवारी

नोंदवहीत पहिली नोंद केली. उतरवून ठेवते.

'चूक कोणाची: हेमांगी पाटील, फार्मासिस्ट. काय झाले: पित्ताऐवजी साखरेची गोळी गेली. रुग्णाने घेतली नव्हती, बदलून दिली. कशामुळे: मदतनिसाला न विचारता औषधांच्या जागा बदलल्या. रुग्णाला वाचता येते का हे न विचारता पट्ट्या चिकटवल्या. औषध देताना फार्मासिस्ट अनुपस्थित. "येथे फार्मासिस्ट उपस्थित आहे" ही पाटी लॅमिनेट करायला गेली होती.'

नवनीतभाईंनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, हाई पान फाडा! साहेब दखी तर दुकान बंद, तुमनं सर्टिफिकेट बी जाई. कोनले काय व्हयनं? काहीच नही!"

बरोबर आहे त्यांचं. कुणाला काही झालं नाही. फाडलं तर कोणाला कळणार? दुपारभर मी त्या पानाचा कोपरा चिमटीत धरून बसले होते. सर्टिफिकेट गेलं तर मी परत भाकऱ्यांवर, आणि पान फाडलं तर मी परत चौकटीत, हार घालून. फाडलं नाही. पण भीती वाटतेय, हेही लिहून ठेवते.

२७ जानेवारी

रॅक पुन्हा लावलं. ह्या वेळी दोघांनी. पित्ताच्या कप्प्याला हिरवी पट्टी, साखरेला लाल, रक्तदाबाला निळी, रंग धुडकूभाऊंनी निवडले. सारखे दिसणारे डबे एकमेकांपासून लांब ठेवायचे, हेही त्यांनीच सुचवलं. हे पुस्तकात होतं, मी विसरले होते. डबा ते काढतात, नाव मी मोठ्याने वाचते, मगच पुडी. पुडीवर माझी पट्टी आणि त्यांचा कोपरा. आज त्यांनी मला 'ए' कुठला ते विचारलं. मी त्यांना विचारलं, पाड्यावरच्या माणसाला दुपारच्या गोळीचा कोपरा कसा फाडायचा. मधोमध दुमडायचं असतं!

३० जानेवारी

साहेब आले. गाडी पंक्चर झाली नाही.

किडकिडीत, चष्मेवाले, आवाज खालच्या पट्टीतला. आत आले, भिंतीकडे नजर गेली आणि एकदम गंभीर झाले.

"कधी गेल्या ह्या?" त्यांनी नवनीतभाईंना हळूच विचारलं.

"मीच ती, साहेब," मी काउंटरमागून म्हटलं. धुडकूभाऊंना ठसका लागला.

फ्रिजचं तापमान बघितलं, तारखा बघितल्या, रंगीत पट्ट्या कशासाठी ते विचारलं. धुडकूभाऊंना एक डबा काढायला लावला, मी नाव वाचलं. मग त्यांच्या हाताला नोंदवही लागली. नवनीतभाई माझ्याकडे असे बघत होते की मीच त्यांना साखरेची गोळी दिलीय. साहेबांनी पान वाचलं. पाटीच्या ओळीपाशी आल्यावर मिशी हलल्यासारखी वाटली.

"हे पान काढून टाकता आलं असतं तुम्हाला."

"हो."

"बरं, वही ह्या महिन्यापासूनची आहे. सर्टिफिकेट अकरा वर्षांपूर्वीचं. एवढी वर्षं तुम्ही कुठे होता?"

"मॅडम रोज..." नवनीतभाईंनी सुरुवात केली. मी चौकटीकडे पाहिलं. ती तेल लावलेली मुलगी हारातून माझ्याकडे बघत होती. तिची मला एकदम कीव आली आणि लाजही वाटली.

"भिंतीवर होते, साहेब," मी म्हटलं.

 साहेबांनी बराच वेळ लिहिलं. अकरा वर्षांचा खुलासा दुकानाने द्यायचा, माझा मी वेगळा द्यायचा. तोवर मी खुर्चीत असेन तेवढाच वेळ दुकान उघडं.

"सर्टिफिकेट जाईल का?" मी विचारलं.

"ते माझ्या हातात नाही. मी पाहिलं ते लिहिलंय. अकरा वर्षांचंही लिहिलंय आणि चोवीस दिवसांचंही." उठता उठता म्हणाले, "मी परत येईन. कधी, ते सांगणार नाही."

साहेब गेल्यावर नवनीतभाई खुर्चीत कोसळले. पाणी प्याले. मग म्हणाले, "काय मॅडम, तुम्ही ते..." वाक्य अर्धं सोडून त्यांनी नोंदवही मिटून काउंटरवर ठेवली. जरा वेळाने म्हणाले, "सकाय नऊले या. साडेनऊ नही, नऊ."

घरी ओट्यावर मैफल बसलेलीच.

"उना का साहेब?"

"उना," मी म्हटलं.

सासूबाईंच्या हातातली मेथी तशीच राहिली. मी म्हटलं, गेला, पण परत येणार आहे, कधी ते सांगितलं नाही, तोवर मला रोज जावं लागेल. पुढे काय होईल माहीत नाही.

सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. "मंग ठीक शे! मन्हा ते जीवच उडी गयथा. रोज इचारस, रोज भ्याव वाटस, आज उना तर उंडारनं बंद, गोष्टी बंद! सांग, सकाय डबामां काय दिसू?"

 हे रोज विचारणं माझं जाणं बंद होईल ह्या भीतीने होतं? तीन आठवडे मी ह्या बाईची नजर चुकवत स्कूटी लावत होते. मग मी शेजारी बसले आणि मेथी निवडू लागले. पहिल्यापासून सगळं सांगितलं. 'भिंतीवर होते' हे त्यांनी तीनदा सांगायला लावलं.

३१ जानेवारी

सकाळी नऊला दहा मिनिटं कमी. धुडकूभाऊंनी उदबत्ती लावली. गणपतीला ओवाळली, लक्ष्मीला ओवाळली, नवनीतभाईंच्या वडिलांना ओवाळली. चौथ्या चौकटीपाशी आले आणि थांबले. उदबत्ती डाव्या हातात घेतली, स्टुलावर चढून चंदनाचा हार काढला. अकरा वर्षांची धूळ उडाली, मला तीन शिंका आल्या.

"हाऊ कथा ठेवू, ताई?"

"नवनीतभाईंच्या वडिलांना घाला. त्यांना दोन शोभतील."

त्यांनी हार वडिलांच्या फोटोला घातला. उदबत्ती मात्र पुन्हा चौथ्या चौकटीकडे नेली नाही, उदबत्तीच्या घरात खोचून टाकली. मी गमतीने म्हटलं, "काय हो, आज मला नाही ओवाळणार?"

पायरीवर पार्वतीबाई खोकत उभ्या होत्या. धुडकूभाऊंनी त्यांच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि काउंटरवर, माझ्यापुढे, नीट सरळ करून ठेवली.

"जिता मानूसले उदबत्ती नही दखाडतस, ताई," ते म्हणाले. "चिठ्ठी दखाडतस."

डोळ्यांत पाणी आलं, अक्षरं पुसट झाली. पुसलं, चिठ्ठी वाचली, नाव मोठ्याने सांगितलं. धुडकूभाऊ डबा काढायला वळले. पार्वतीबाईंना मी विचारलं, खोकला कधीपासून आहे, आणि रात्री जास्त येतो का?